वडिलांचा सूट उसवून नवं काही करायचंय? आधी खांदे वाचवा

तुमचा प्रश्न असा आहे: वडिलांनी १९९० च्या सुमारास लग्नासाठी टेलरकडून शिवून घेतलेला सूट कपाटात पडून आहे. बेल्जियन डिझायनर मार्टिन मार्जिएलाचे उसवलेले कोट बघून तुम्हाला त्यातून स्वतःसाठी काहीतरी करावंसं वाटतंय, पण ओळखीचा टेलर म्हणतो, 'ताई, पिशव्या नाहीतर उशीचे अभ्रे होतील.'

कृपा करून पिशव्या शिवू नका. पॅटर्न कटिंग हे माझं रोजचं काम आहे, आणि चांगल्या कोटाचे चौकोनी तुकडे पाडलेले बघितले की मला खरंच वाईट वाटतं. कोटाचा जीव छाती आणि खांद्यांत असतो. कापडाच्या आत आकार धरून ठेवणारं कॅनव्हासचं कापड, छातीवर घोड्याच्या केसांचा ताठ थर, आणि लॅपल, म्हणजे कॉलरखालची बाहेर वळलेली पट्टी, आपोआप वळावी म्हणून तिच्या आतून घातलेले बारीक तिरके टाके. एक पुढा, म्हणजे कोटाचा समोरचा एका बाजूचा भाग, सुटा करून टेबलावर ठेवा. तो सपाट बसत नाही, छातीपाशी फुगून राहतो. त्यातला बराचसा फुगवटा कात्रीने आलेला नसतो. कारागिराने इस्त्रीच्या वाफेवर लोकर कुठे ताणून, कुठे आवळून तो घडवलेला असतो. पिशवीत त्याचा काहीच उपयोग नाही.

मार्टिन मार्जिएलाने हीच आतली मेहनत लोकांसमोर आणली. अँटवर्पच्या रॉयल अकादमीत शिकून, पॅरिसला डिझायनर ज्याँ पॉल गोतिएकडे काम करून त्याने १९८८ मध्ये जेनी मेरेन्सबरोबर स्वतःचं फॅशन हाऊस काढलं. १९९७ च्या कलेक्शनमध्ये तर टेलर ज्या स्टॉकमन पुतळ्यावर कपडा चढवून बघतात, त्या पुतळ्याचंच त्याने लिननचं जाकीट केलं. त्याच्या 'आर्टिझनल' विभागात जुने कपडे उसवून एकेक नग हाताने नव्याने बांधला जायचा. पॅरिसमध्येच, मालीत जन्मलेला डिझायनर लमिन कुयाते वापरलेले कपडे घेऊन ते लाल दोऱ्याने जोडायचा आणि शिवण मुद्दाम बाहेर ठेवायचा. दोघांनीही जोड लपवला नाही. तुम्हीही लपवू नका.

मात्र पुरुषांचा सूट बाईसाठी उसवणं त्यांच्याही आधीचं आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये १९४१ पासून कपड्यांचं रेशनिंग होतं. तेव्हा आघाडीवर गेलेल्या नवऱ्यांचे सूट उसवून बायकांचे कोट-स्कर्ट शिवले गेले. कापड विटलं असेल तर जुने टेलर ते उलटवायचे, म्हणजे सगळा कोट सुटा करून आतली ताजी बाजू बाहेर घ्यायचे. अशा कोटाचा छातीचा खिसा उजवीकडे जातो, त्यावरून तो ओळखता येतो. आणि गंमत अशी की डावा पुढा उजवा झाल्यामुळे काजंही बायकांच्या कोटासारखी उजवीकडे येतात! मला हा सगळ्या टेलरकामातला सर्वांत देखणा हिशेब वाटतो.

आता तुमचा सूट. खालच्या बटणाच्या खाली कापड दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून थर वेगळे करून बघा. मध्ये तिसरा थर सुटा सरकत असेल तर कॅनव्हास आहे. सगळं एकजीव लागलं तर आत गोंदाने चिकटवलेलं फ्यूजिंग आहे. ते सोलायला जाऊ नका, गोंद कापडावरच राहतो. मग आतून एक दोरा काढून जाळा. केस जळाल्यासारखा वास आणि चुरगळणारी राख म्हणजे लोकर. टोकाला कडक मणी झाला तर पॉलिएस्टर, आणि दोन्ही थोडं-थोडं दिसलं तर टेरीवूल, म्हणजे दोन्हींचं मिश्रण. आपल्याकडे त्या काळातल्या सूटांत टेरीवूल फार. ते वाफेवर लोकरीइतकं वळत नाही आणि गरम इस्त्रीने चकाकतं, म्हणून नेहमी ओलं फडकं मध्ये घाला. शेवटी कोट उजेडासमोर धरा, कसरीची भोकं लगेच दिसतील.

मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं, ते सांगते. फक्त बाह्या काढायच्या. आधी मुंढ्याजवळचं, म्हणजे बाही जोडतात तिथलं, अस्तर उसवायचं, ते बहुधा हाताने शिवलेलं असतं, आणि मग बाहीची शिवण, ब्लेडने, एकेक टाका. खांदे आणि कॉलर यांना हात लावायचा नाही. वडिलांचा खांदा तुमच्या खांद्याबाहेर गेला तर जाऊ द्या, बाहीशिवाय तो रुबाबदार दिसतो. कंबर मात्र बाजूच्या शिवणींतून आत घ्या. पाठीचं अस्तर काढून त्याच्याच तिरक्या पट्ट्या कापा आणि उघड्या शिवणींच्या कडा व मुंढे त्यांनी बांधा. सलग कापड हवं असेल तर कोटाकडे बघूच नका, पँटकडे बघा. पायांची आतली शिवण उघडली की उभ्या धाग्याच्या लांब पट्ट्या मिळतात. त्या कोटाच्या मागच्या घेराला खालून जोडल्या तर पाठ गुडघ्यापर्यंत येईल. पँटची इस्त्रीची जुनी घडी तिथे रेघेसारखी दिसेल, ती घालवू नका.

काढलेल्या बाह्या जपून ठेवा. त्यांतही वाफेने आणलेला कोपराचा बाक आहे. उसवण्याआधी प्रत्येक भागाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा आणि पुढ्याच्या आतल्या बाजूचा फोटो इथे टाका. कॅनव्हास कुठवर आहे ते बघून कंबर किती घ्यायची ते सांगते.