गाडी खालून वाजतेय, पण तुमच्या साडूच्या पॉलिसीबद्दलही बोलू

नारायणगावच्या एका वाचकाचा मेल आलाय. वय 36, दुसऱ्याच्या पिकअपवर ड्रायव्हर, पगार 18 हजार. बायको, दोन मुलं, वडील. स्वतःची गाडी घ्यायचीय, 2017 ची बोलेरो पिकअप, डीलर 5 लाख 60 हजार सांगतोय. एफडी मोडून 1 लाख 60, बाकी 4 लाख फायनान्स, "11 टक्के, 3 वर्ष". सोबत कमाईचा हिशोब आणि पॉलिसीचा तक्ता जोडलाय. प्रश्न एवढाच की "सर, गाडी चांगली आहे पण गरम झाली की अॅक्सिलेटर सोडताना खालून ठक ठक येतं, डीलर म्हणतो टॅपेट आहेत, दोन हजारात होईल. घेऊ का?" आणि शेवटी जाता जाता, "पुढच्या महिन्यात पॉलिसीचा 52 हजारचा हप्ता आहे, तो भरून मग गाडीचं फायनल करतो. आधी 50 लाखाची टर्म (फक्त जिवाचं कव्हर, मुदतीला परत काही नाही) होती पण साडू (तेच एजंट आहेत) म्हणाले त्यात पैसे वाया जातात, म्हणून दोन वर्षांपूर्वी बंद केली."

या शेवटच्या दोन ओळी वाचून मी चहा बाजूला ठेवला. पण विचारलंय ते आधी.

टॅपेट म्हणजे व्हॉल्व उघडणारे भाग. त्यांचा आवाज वरून येतो, व्हॉल्व कव्हरमधून, बारीक टिक टिक, शिलाई मशीनसारखा, आणि बहुतेक वेळा थंड असताना जास्त. तुमचा उलटा आहे. गरम झाल्यावर वाढतो, खालून येतो, पाय सोडताना येतो. ऑइल गरम होऊन पातळ झालं की झिजलेलं बिग एंड बेअरिंग (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथलं) बोलायला लागतं, ते असं. माझे वडील मॅटाडोर चालवायचे, ते लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून सांगायचे कुठून वाजतंय. तुम्हीही तेच करा, एकदा वर हेडला लावा, एकदा खाली ऑइल चेंबरच्या बाजूला, फॅन-बेल्टपासून लांब राहून. आवाज खाली मोठा आला तर टॅपेटचा विषय संपला.

बघायला सकाळी न सांगता जा. बॉनेटवर हात ठेवा, गरम लागला तर तुम्ही यायच्या आत गाडी चालू करून ठेवलेली. थंड स्टार्ट ऐका, मग अर्धा तास लोड टाकून चालवा आणि परत आयडलवर ऐका. गरम आयडलला ऑइलचा दिवा मिणमिणत असेल तर बेअरिंगचा संशय पक्का. ऑइलची कॅप काढून बॅक कॉम्प्रेशन (खालून वर येणारा दाब) बघा, धूर भकाभका मारत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. आणि हो, डिपस्टिकवर ऑइल एकदम नवं, मधासारखं जाड दिसलं तर खूश होऊ नका, आवाज दाबायला जाड ऑइल भरायची युक्ती जुनी आहे.

सगळेच आवाज महाग नसतात. सुरू करताना चीं चीं म्हणजे बेल्ट. क्लच दाबल्यावर आवाज आला तर रिलीज बेअरिंग, न्यूट्रलला येऊन क्लच दाबल्यावर गेला तर गिअरबॉक्सचं बेअरिंग. स्पीडला मागून घूं म्हणजे मागच्या अॅक्सलचं हाऊसिंग. एकाच सिलिंडरचा खडखडाट असेल तर इंजेक्टरही असू शकतो. मेकॅनिकला एकेक इंजेक्टरचा कनेक्टर काढून ऐकायला सांगा, पण जुन्या सवयीने कोणी पाईप ढिला करायला लागला तर थांबवा, ही कॉमन रेल आहे (सगळ्या इंजेक्टरना एकाच पाईपमधून दाबाचं डिझेल), प्रेशर हजार बारच्या वरही जातं, हात कापून निघेल.

बेअरिंग निघालं तर क्रँक, बेअरिंग, त्यात रिंगा-लायनर आले की लाखाच्या घरात धरा, शिवाय गाडी आठ-दहा दिवस उभी. डीलरच्या दोन हजारावर हसून सोडून द्या.

किमतीचंही एक सांगतो. 22 सप्टेंबर 2025 पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 झाला. दहा लाखाच्या नव्या पिकअपला तो पाऊण लाखाचा फरक आहे. नवी स्वस्त झाली तर जुनी त्याच भावाला कशी? डीलर मात्र आधीचेच आकडे सांगत बसतात.

आता पैसे.

तुमचं "11 टक्के" हे फ्लॅट आहे. 4 लाखाचे 11 टक्के 44 हजार, गुणिले 3, 1 लाख 32. एकूण 5 लाख 32, भागिले 36, हप्ता 14,800. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत जाता आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण 4 लाखावर. खरा दर साडेएकोणीस पडतो. हे कागदावर कोणी ठळक लिहून देत नाही, विचारावं लागतं, "रिड्यूसिंगने (म्हणजे उरलेल्या मुद्दलावर) किती?" एवढंच.

आणि तेच तुम्ही साडेएकोणीसने उसने घेताना दुसऱ्या हाताने वर्षाला 52 हजार कशात टाकताय? दहा लाखाची, 20 वर्षांची एन्डोमेंट (विमा आणि बचत एकत्र), साडूंच्या तक्त्यात शेवटी 19 लाख. मी मोजलं, साडेपाच टक्के. अजून 15 वर्षांनी मिळणारे 19 लाख, महागाई सहा धरली तर आजचे आठ. साडेपाचने साठवायला साडेएकोणीसने कर्ज काढणं याला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा. साडूंना पहिल्या वर्षी घसघशीत कमिशन मिळालं असेल, त्याबद्दल राग नाही, धंदा आहे. राग आहे टर्म बंद करायला लावल्याचा.

कारण तुम्ही ड्रायव्हर आहात. रात्री दोनला टोमॅटो भरून घाट उतरणारा माणूस, घरात पाच तोंडं, डोक्यावर चार लाख कर्ज घेणार, आणि कव्हर दहा लाख. उद्या काही झालं तर गाडी फायनान्सवाला उचलेल आणि उरलेल्या पैशात दोन पोरं आणि वडील. "पैसे वाया जातात" म्हणे. स्टेपनी पण वर्षभर वायाच फिरते की, काढून टाकली का कधी?

तर क्रम असा, आणि क्रम बदलू नका. आधी 75 लाखाची टर्म, साठीपर्यंत, तुमच्या वयाला बारा-पंधरा हजारात बसावी. वैयक्तिक टर्मवर आता जीएसटीही नाही. फॉर्ममध्ये ड्रायव्हर लिहा, तंबाखू मळत असाल तर तेही लिहा, लपवलं तर क्लेमच्या वेळी बायकोला फेऱ्या माराव्या लागतील. जुनी टर्म चालू होत असेल तर तेही विचारा, लॅप्स झालेली पाच वर्षांच्या आत रिव्हाइव्ह करता येते, पण थकलेले हप्ते आणि तब्येतीचे कागद लागतील, दोन्ही तुलना करा. टर्मचा कागद हातात आला की मगच एन्डोमेंट पेड-अप करा, म्हणजे पुढचे हप्ते बंद आणि पॉलिसी कमी रकमेवर चालू. सरेंडरची (पॉलिसी मोडून पैसे घेण्याची) घाई नको. वीसातले पाच हप्ते गेलेत, म्हणजे दहा लाखाचे अडीच लाख राहतील अधिक आतापर्यंतचा बोनस, मुदतीला साधारण पावणेपाच लाख. आज सरेंडर केली तर अंदाजे दीड लाख मिळतील, नक्की आकडा शाखेतून लेखी घ्या. दीडचे पंधरा वर्षात पावणेपाच म्हणजे आठ टक्के, वाईट नाही. त्याच पॉलिसीवर दहाच्या आसपास दराने सव्वा लाख कर्जही मिळावं, ते फायनान्सवाल्यापेक्षा निम्म्या दराचं.

आता तुम्ही जोडलेला "महिन्याला 45 हजार सुटतात" हा हिशोब. 26 दिवस, पुण्याला रोज एक फेरी, 3,200 भाडं, त्यातून डिझेल आणि टोल वजा. मग टायर कोण घालणार? सर्व्हिस, विमा, टॅक्स? आठ वर्षं झालेल्या गाडीला फिटनेस दर वर्षी. आणि टोमॅटो बारा महिने नसतो हे नारायणगावच्या माणसाला मी सांगायचं का? वर्षाची सरासरी 20 दिवस धरा. 64 हजार भाडं, 22-23 डिझेल, 5 टोल-हमाली, उरले 36. टायर-सर्व्हिस साडेपाच, विमा-पासिंग तीन, मोडतोड तीन. राहिले 25. त्यातून 14,800 हप्ता. हातात दहा. आज मालक तुम्हाला 18 देतो.

आणि पहिल्या दिवशी खिशात किती? शून्य. एफडी गेली, नावावर करायचा खर्च नाही धरला, विमा थर्ड पार्टीच घेणार म्हणताय, आणि गाडी खालून वाजतेय. इंजिन दुसऱ्या महिन्यात बसलं तर गाडी गॅरेजमध्ये आणि हप्ता चालू.

म्हणून ही गाडी पावणेपाच लाखाच्या वर नको, तीही बेअरिंगचं काम डीलरने तुमच्यासमोर उघडून केलं तर, नाहीतर सोडा. सीझन संपला की हप्ते न झेपलेल्या पिकअप बाजारात येतातच. तोपर्यंत पगार चालू ठेवा, दोन-तीन आडत्यांकडून ऑफ सीझनलाही भाडं देण्याचं पक्कं घ्या. मग एफडी अधिक पॉलिसीवरचं कर्ज असे साधारण 2 लाख 80, त्यातले 60 हजार बँकेतच ठेवायचे, 40 फुल विमा आणि ट्रान्सफरला, 1 लाख 80 डाउन पेमेंट. कर्ज 2 लाख 95, बँकेत किंवा पतसंस्थेत रिड्यूसिंग 15 च्या आत, हप्ता साधारण दहा हजार. तरी पहिली तीन वर्षं पगारापेक्षा कमीच सुटेल, हे घरी सांगूनच उतरा. चौथ्या वर्षी हप्ता नाही आणि गाडी तुमची, म्हणून मी नको म्हणत नाहीये.

52 हजारची तारीख तुम्ही लिहिली नाही. वार्षिक हप्त्याला तारखेनंतर 30 दिवसांचा ग्रेस असतो, त्याच्या आत टर्मचं मेडिकल उरकून घ्या. साडूंना काय सांगायचं ते तुमच्या बायकोला ठरवू दे.