सेकंड हँड नॅनो घ्यावी का? लोक हसतील का?

तुम्ही लिहिलंय की शेजारच्या गल्लीत एकाची 2013 ची नॅनो विकायला आहे, बायकोला कामावर जायला आणि मुलांना शाळेत सोडायला बरी पडेल, पण मित्र म्हणतात नॅनो घेतलीस तर लोक हसतील. घ्यावी की नाही ते पुढे सांगते. हसतील का, याचं उत्तर आत्ताच देते. हो, हसतील. माझ्याकडे 2011 पासून पिवळी नॅनो आहे, मला विचारा.

मी आरोग्यसेविका आहे, लांजा तालुक्यात. गाडी यायच्या आधी नऊ वर्षं स्कूटीवरून वाड्यावाड्या फिरले. कोकणातला पाऊस, पायांशी व्हॅक्सिन कॅरियर, अंगावर रेनकोट आणि घरी पोचेपर्यंत साडी गुडघ्यापर्यंत चिखलाने लाल. रविवारी आम्ही चौघं मोटरसायकलवर. मुलगा टाकीवर, हे चालवायला, मधे मुलगी, मागे एका अंगाला मी. रतन टाटांना पावसात स्कूटरवर असंच एक कुटुंब दिसलं आणि त्यातून नॅनोची कल्पना आली, हे सगळ्यांना पाठ आहे. मला ती गोष्ट कधीच जाहिरात वाटली नाही, कारण त्या स्कूटरवर मी बसलेली होते.

पतसंस्थेचं कर्ज माझ्या पगारावर काढलं. आरसी बुकवर नाव माझं. गाडी चालवायला शिकले तेव्हा मी सदतीस वर्षांची होते. सीट उंच आणि छत उंच, त्यामुळे साडी नेसून आत शिरताना वाकावं लागत नाही. सासूबाईंच्या गुडघ्यांनाही दुसरी कुठलीच गाडी मानवत नाही. लांबी 3.1 मीटर. दोन बाजूंनी चिऱ्याचे गडगे असलेल्या पाणंदीत ही गाडी वळते. जीप तिथे अर्धा फर्लांग मागे-मागे नेत बाहेर काढतात.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते.

2014 च्या मे महिन्यात माझ्या नणंदेच्या मुलीचं लग्न होतं, कोल्हापुरात. आम्ही नॅनोनेच गेलो. मागे सासूबाई आणि मुलं, पुढे हे. माझ्या त्या गाडीची डिकी बाहेरून उघडत नाही, सामान मागची सीट पाडून आतूनच ठेवायचं. ती जागा इंजिनाच्या बरोबर डोक्यावर, तिथे ऊब लागते, म्हणून आंब्याच्या दोन पेट्या मुलांच्या पायाशी ठेवल्या आणि मुलं मांडी घालून बसली. साखरप्याला चहा घेतला. आंबा घाटात एसी बंद केला, दुसऱ्या गिअरवर ठेवली आणि कुठेही न थांबता वर आले. मलकापूरला पोचल्यावर सासूबाई म्हणाल्या, “बरी चालवलीस.” सोळा वर्षांच्या संसारात त्यांनी माझं केलेलं हे पहिलं कौतुक, म्हणून तारखेसकट लक्षात आहे.

मंगल कार्यालयाच्या दारासमोर गाडी लावली. शेजारी इनोव्हा, स्कॉर्पिओ, फुलं लावलेली एक मोठी सेडान. मी अजून उतरतेच आहे तोवर नणंदेचे यजमान लगबगीने आले. त्यांनी माझ्याकडे न बघता गाडीकडे बघितलं आणि म्हणाले, “वैनी, तेवढी गाडी मागच्या अंगाला घ्या. मुलाकडची माणसं इथंच उतरायची आहेत.” जागा भरपूर होती. आमच्यानंतर आलेली दुसऱ्या पाहुण्यांची गाडी आमच्याच जागेवर उभी राहिली, तिला कोणी काही म्हटलं नाही.

मी काही बोलले नाही. लग्नघर होतं, भाचीचं लग्न होतं. किल्ली फिरवली आणि गाडी मागे नेली, जिथे आचारी बसले होते.

तिथे चुलाण पेटलेलं, मोठी पातेली पालथी घातलेली, टोमॅटोचे क्रेट. बटाटे सोलत बसलेल्या एका माणसाने मान वर करून विचारलं, “ताई, ही ती लाखाची गाडी ना? बॉनेट उघडून दाखवा की.” दाखवलं. आत स्टेपनी आणि पेट्रोल भरायचं तोंड. टाकी 15 लिटरची, पेट्रोल पंपावर बॉनेट उघडूनच उभं राहावं लागतं. “मग इंजिन कुठाय?” म्हणून दोन पोरं आली. मागची सीट पाडली, आतलं कार्पेट उचललं, हाताने फिरवायचे स्क्रू काढले आणि झाकण बाजूला केलं. खाली 624 सीसीचं दोन सिलिंडरचं छोटं इंजिन. बटाटेवाल्याने हात टॉवेलला पुसले, पुन्हा पुसले, मगच आत हात घालून त्यावर बोट ठेवलं. “मोटरसायकलला एक, हिला दोन,” म्हणाला. मागच्या चाकांचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद आहेत आणि चाकाला तीनच नट आहेत, हे त्याने मी न सांगता हेरलं.

मग विचारलं, “बसू का?” उंच माणूस होता, तरी डोकं छताला लागलं नाही. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून तो जरा वेळ नुसता बसला. त्याच्या घरीही चौघं आणि एक मोटरसायकल. पावसाळ्यात धाकट्याला प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून पुढे बसवायचे. मी म्हटलं, मग घ्यायचीत की. तर म्हणाला, “शोरूमपर्यंत गेलो होतो. काचेचं दार बघून माघारी आलो. दुसऱ्यांदा आत गेलो तर त्यांनी पगाराची स्लिप मागितली. आम्हाला कोण स्लिप देतंय?”

नॅनो का चालली नाही यावर लोक पानंच्या पानं लिहितात. पश्चिम बंगालमधल्या सिंगूरला कारखान्याच्या जमिनीवरून झालेलं आंदोलन, 2008 च्या ऑक्टोबरमध्ये प्रकल्प गुजरातला साणंदला नेला, त्यात वेळ गेला, सुरुवातीला काही गाड्यांनी पेट घेतल्याच्या बातम्या आल्या. सगळं खरं आहे. साणंदच्या कारखान्याची क्षमता वर्षाला अडीच लाख गाड्यांची आणि सगळ्यात चांगल्या वर्षी, म्हणजे 2011-12 मध्ये, गाड्या खपल्या 74 हजारांच्या आसपास. 2018 च्या जूनमध्ये तर महिनाभरात एकच गाडी तयार झाली. पण मला विचाराल तर मूळ कारण त्या बटाटे सोलणाऱ्या माणसाने सांगितलं. ज्याला गाडी हवी होती त्याच्याकडे स्लिप नव्हती. ज्याच्याकडे स्लिप होती त्याला नॅनोतून उतरताना कोणी बघायला नको होतं. ‘सर्वांत स्वस्त गाडी’ हा शिक्का बसू दिला ही चूक झाली, असं पुढे खुद्द रतन टाटांनीही बोलून दाखवलं. शिक्का कंपनीने बसू दिला असेल, पण तो रोज नव्याने उमटवला आपण, लग्नाच्या मांडवात आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये.

त्याच दिवशी जेवणाच्या पंगतीत नणंदेचे यजमान पुन्हा बोलले. वाढप चालू होतं, चार माणसं ऐकत होती. “वैनी, एवढ्या पैशात सेकंड हँड अल्टो आली असती. जरा चारचौघांत उभी करण्यासारखी.” मी मठ्ठा घेतला आणि गप्प बसले. यांनीही काही म्हटलं नाही, ते मला अजून लागतं.

तेव्हा द्यायचं राहिलेलं उत्तर असं. कुणीतरी आठ वर्षं वापरलेली, मीटर किती फिरवलाय ठाऊक नाही अशी गाडी घेऊन मी दर महिन्याला गॅरेजमध्ये उभी राहिले असते, ते चाललं असतं, कारण तिच्यावर नाव अल्टोचं. आणि माझ्या पगारातून घेतलेली, पहिल्या किलोमीटरपासून माझी असलेली नवी गाडी मात्र आचाऱ्यांच्या पातेल्यांमागे. पुण्यातल्या इंजिनिअरांनी, गिरीश वाघ यांच्या टीमने, एवढ्या कमी किमतीत चार माणसं कोरडी ठेवणारी गाडी बनवून दाखवली. इंजिन मागे नेऊन, एकच वायपर ठेवून, एकेक नट कमी करून. जगात कुणाला ते आधी जमलं नव्हतं. त्याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा होता आणि आपण लाज धरली. हे माझं मत ठाम आहे, त्यात काही बदल होणार नाही.

आता तुमच्या प्रश्नाचं. गावात, शाळेला, बाजाराला, चाळीस-पन्नासच्या वेगाने चालवायची असेल तर बिनधास्त घ्या. पार्किंग कुठेही होतं, पुढे इंजिनाचं वजन नसल्यामुळे पॉवर स्टिअरिंग नसूनही हात भरून येत नाहीत. थोडे जास्त पैसे घालता येत असतील तर 2013 ची सोडा आणि 2015 नंतरची बघा. त्या मॉडेलला डिकी बाहेरून उघडते, टाकी 24 लिटरची आहे आणि ऑटोमॅटिक गिअरवालीही मिळते, ती तुमच्या मिसेसना जास्त सोयीची होईल. घेण्याआधी तुमच्या गावातला मेकॅनिक नॅनोला हात लावतो का ते विचारा, कारण इंजिनासाठी आत वाकून काम करावं लागतं आणि बरेच जण टाळतात. मॅट उचलून खालचा पत्रा बघा. समुद्राजवळची गाडी असेल तर दोनदा बघा. वायरिंगला कुणी बाहेरून म्युझिक सिस्टिम वगैरे जोडली असेल तर सरळ नको म्हणा. 2013 च्या गाडीला पंधरा वर्षं कधी भरतात ते आरसीवर तपासा, त्यानंतर फेरनोंदणीचा खर्च आहे.

आणि हे सांगायलाच हवं, मी आरोग्य खात्यात आहे: एअरबॅग नाहीत. 2014 साली ग्लोबल एनकॅप या गाड्या आपटून सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेच्या चाचणीत नॅनोला मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी एकही तारा मिळाला नाही. म्हणून मुलांना घेऊन हायवेवर, ट्रकांच्या मधून रोज जायचं असेल तर माझा सल्ला ‘नको’ असाच आहे. बेल्ट गल्लीतसुद्धा लावायचा, मागच्यांनीही. मात्र त्याच वर्षी, त्याच चाचणीत अल्टोलाही शून्यच तारे मिळाले होते. तेव्हा तुमच्या मित्रांनी सुरक्षिततेचं नाव पुढे करून अल्टो सुचवली तर त्यांना हे सांगा. मला ते पंगतीत माहीत असतं तर मठ्ठा खाली ठेवून सांगितलं असतं.

माझी गाडी अजून मीच चालवते. मुलगी हिच्यावरच शिकली. लसीकरणाच्या दिवशी व्हॅक्सिन कॅरियर मागच्या सीटवर बेल्टने बांधलेला असतो आणि वाडीतली पोरं पिवळा रंग दिसला की सुई आली म्हणून पळतात.

मिसेसना गाडी आवडली असेल तर मित्रांना विचारत बसू नका. आणि कधी लग्नाला नेलीत तर दारासमोर लावा. कुणी येऊन म्हणेल, तेवढी मागे घ्या. मी किल्ली फिरवली होती, तुम्ही फिरवू नका.