सगळ्या गोळ्या एकदमच घेतल्या तर?

प्रश्न : वय ५१, यावल तालुक्यात राहते. गुडघे-कंबर दुखते म्हणून डॉक्टरांनी कॅल्शियमची गोळी दोनदा, रक्तवाढीची गोळी एकदा आणि 'ड' जीवनसत्त्वाचं ६०,०००चं पाकीट दिलंय. विसरायला नको म्हणून सगळं सकाळीच चहासोबत घेऊन टाकते. जाऊबाई म्हणतात, हाडांसाठी 'के' जीवनसत्त्वही घ्या, दोघांनी. मिस्टरांच्या हृदयाची झडप बदललीय, रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी सुरू आहे. चालेल का?

उत्तर : ताई, आधी मिस्टरांचं. त्यांना 'के'ची गोळी अजिबात देऊ नका. वॉरफरिन 'के'च्या विरुद्धच काम करतं. 'के' वाढलं की त्याचा असर कमी होतो आणि झडपेवर गुठळी धरायची भीती असते. मेथी-पालकातही 'के' असतं, पण ते बंद करू नका, नेहमी खातात तेवढंच खाऊ द्या.

आता तुमचं. गोळ्या ठीक आहेत, वेळ चुकतेय. चहामुळे लोह अंगी लागत नाही, कॅल्शियमही त्याच्या आड येतं. रक्तवाढीची गोळी सकाळी उठल्यावर लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहा तासाभराने. मळमळलं तर थोडं खाऊन घ्या. कॅल्शियम दोन्ही वेळच्या जेवणात एकेक. कॅल्शियमच्या दोन्ही गोळ्या एकदम घेतल्या तर शरीर तेवढं शोषत नाही.

'ड' तेला-तुपात विरघळणारं, म्हणून ते भरल्या पोटी हवं. रविवारी भरीत करता ना? शेंगदाण्याच्या तेलाची चरचरीत फोडणी, सोबत कळण्याची भाकरी. त्या जेवणानंतर पाकीट घ्या. शरीरात 'ड' कामाला लागायला मॅग्नेशियम लागतं, तेही त्याच ताटात आहे: कळण्यातल्या ज्वारी-उडदात, भरितातल्या शेंगदाण्यात. ही भाकरी सोडून मैद्याचे पाव खाणाऱ्या घरांचं मला फार वाईट वाटतं.

पाकीट आठवड्याला एकच ना, हे चिठ्ठीवर बघून घ्या. किती आठवडे घ्यायचं तेही डॉक्टरांना विचारा. माझ्या नणंदेने ते अडीच महिने रोज घेतलं. 'आठवड्यातून एक' असं तिला कुणी नीट सांगितलंच नव्हतं. सारखी तहान, उलट्या, बद्धकोष्ठ, दिवसभर झापड. उन्हाचा त्रास असेल म्हणून आम्ही ताक पाजत राहिलो. कपाटात तिच्या बांगड्यांच्या डब्यात रिकामी पाकिटं घडी करून ठेवलेली सापडली. मी मोजली, ७४ भरली. रक्तातलं कॅल्शियम चढलं होतं, चार दिवस सलाईन लावावं लागलं. तेलात विरघळणारं जीवनसत्त्व जास्त झालं तर लघवीवाटे निघून जात नाही, अंगातच साठतं.

उन्हाचं म्हणाल तर मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५वर असतो, तेव्हा भर दुपारी बाहेर पडू नका. थंडीत अकराच्या सुमारास पदर खांद्यावर घेऊन, हात उघडे ठेवून वीस मिनिटं अंगणात बसा.

मिस्टरांना 'के'च्या एक-दोन गोळ्या दिल्या गेल्या असतील, तर त्यांच्या डॉक्टरांना आजच फोन करून सांगा. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघणारी आयएनआर तपासणी ते लावतील.