लंडनला निघण्याआधी फोर्टात जेवून घ्या

तुम्ही विचारलंत की जूनमध्ये दादरहून लंडनला येताय, तुम्ही आणि सहा वर्षांची लेक शाकाहारी, मिस्टर मासे खाणारे. तर बाहेर जेवायची वेळ आली की कसं व्हायचं, आणि येताना काय काय बांधून आणावं. मी गिरगावची, इथे येऊन अकरा वर्षं झाली. सामानाचं शेवटी सांगते.

हातात दोन-तीन महिने आहेत ना, मग दर पंधरा दिवसांनी एकदा फोर्ट-कुलाब्याला जा आणि एकेका देशाचं जेवण जेवून या. मी हे केलं नव्हतं, आणि पहिलं वर्ष घरच्या डब्यावर नि बटाट्याच्या चिप्सवर काढलं. त्याची हळहळ अजून वाटते.

सुरुवात काळा घोड्याजवळच्या बर्मा बर्मा या बर्मी जेवणाच्या हॉटेलापासून करा. 2014 पासून आहे, संपूर्ण शाकाहारी, त्यामुळे लेकीला घेऊन निर्धास्त जाता येईल. खाऊ स्वे मागवा. नारळाच्या दुधाचा पातळ रस्सा, नूडल्स, आणि शेजारी छोट्या वाट्यांत तळलेला लसूण, कांदा, दाणे, लिंबू. कशात काय किती घालायचं ते आपण ठरवायचं, मिसळीसारखंच. मुलं रमतात त्यात. चहाच्या आंबवलेल्या पानांची कोशिंबीरही घ्या. पहिल्या घासाला तुरट लागते, तोंड वाकडं होतं. तिसऱ्या घासापर्यंत थांबा. मला वाटतं, परदेशात जेवायला एवढी एकच सवय लागते, आणि ती मुंबईत लावून घेता येते.

चायनीज म्हटलं की आपल्याला मंचुरियन आठवतं. ते मुंबईचंच, 1975 च्या सुमाराला नेल्सन वँग यांनी क्रिकेट क्लब ऑफ इंडियात पहिल्यांदा केलेलं. इथल्या चायनाटाउनमध्ये त्याची वाट बघू नका. रीगल सिनेमामागच्या लिंग्ज पॅव्हिलियनमध्ये मिस्टरांना वाफवलेला मासा खाऊ दे, म्हणजे अंदाज येईल. बॅलार्ड इस्टेटला ब्रिटानियात, 1923 चं आहे ते, दुपारी बेरी पुलाव खा. तीच आंबट लाल फळं इथल्या इराणी हॉटेलांत भातावर भेटतात, आणि ओळखीचं माणूस भेटल्यासारखं होतं.

आता शाकाहाराचं, हे नीट वाचा. पहिल्याच महिन्यात एका थाई हॉटेलात मी भाज्यांची ग्रीन करी मागवली. निम्मी खाऊन झाल्यावर सहज विचारलं, तर वाटणातच कोळंबी. वाढणारी मुलगी गोंधळून गेली. तिच्या लेखी भाज्यांची करी म्हणजे भाज्या घातलेली करी, तिने खोटं काहीच सांगितलं नव्हतं. घरी येऊन मी खूप रडले. तेव्हापासून नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हणून थांबत नाही, ‘नो फिश सॉस, नो श्रिम्प पेस्ट’ असं नाव घेऊन सांगते. जपानी मिसो सूपच्या पाण्यात बहुतेक वेळा सुकवलेला मासा उकळलेला असतो. पार्मेजान चीजला वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं द्रव्य, लागतं, तेव्हा पास्त्यावर काय किसताहेत तेही विचारा. संकोच नको. मासे, कोळंबी, दाणे, दूध धरून 14 अ‍ॅलर्जीकारक घटकांची माहिती देणं इथे हॉटेलांना कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे विचारलं की बहुतेक ठिकाणी फाइल काढून दाखवतात.

बिलात बऱ्याचदा 12.5 टक्के सर्व्हिस चार्ज आधीच धरलेला असतो, मग वर टिप ठेवू नका. पाणी ‘टॅप वॉटर’ म्हणून मागा, नाहीतर विकतची बाटली येते.

सामानात तूरडाळ, पोहे, हिंग काही भरू नका. वेम्ब्लीच्या ईलिंग रोडवर सगळं मिळतं. घरचा गोडा मसाला आणि मेतकूट मात्र जास्तच आणा. तूप, पेढे, खवा बिलकुल नको, भारतातून दुधाचे पदार्थ इथे आणायला मनाई आहे. निरोपाचे पेढे दादरलाच वाटून या.