खोट सांगून विकलेली बाहुली

जुन्या बाहुल्या घेणाऱ्या-विकणाऱ्यांची पत्रं या वेळी बरीच आली, आणि बहुतेकांची काळजी एकच आहे: खोट किती सांगायची, आणि सांगितली तर गिऱ्हाईक पळून जाईल का. माझं मत आधीच सांगते. फोटो बघून घेणारा माणूस विकणाऱ्याच्या डोळ्यांवर विसंबून पैसे पाठवतो. त्यामुळे जे माहीत आहे ते सगळं लिहायचं, आणि जे तपासलं नाही त्यापुढे ‘तपासलेलं नाही’ असं लिहायचं. आता एकेक पत्र घेऊ.

प्रश्न : लहानपणीच्या, १९९०च्या दशकातल्या चार बार्बी विकायच्या आहेत. सगळ्या भारतात तयार झालेल्या, लिओ मॅटेलच्या. एकीच्या कानाभोवती हिरवा डाग आहे, पण केस पुढे घेतले तर फोटोत दिसत नाही. दुसरीचे केस धाकट्या भावाने कापले होते. तिच्या पाठीवर १९६६ असं साल आहे. ती १९६६ची म्हणून जाहिरात टाकू का? — ठाणे

नका टाकू. पाठीवरचं १९६६ हे त्या धडाच्या साच्याच्या हक्कनोंदणीचं साल आहे, बाहुली तयार झाल्याचं नव्हे. मॅटेल कंपनी हेच साल पुढे १९९०च्या दशकापर्यंतच्या धडांवर उमटवत राहिली. डोक्याच्या आतल्या कडेवर १९७६ असेल तर तेही तसंच, चेहऱ्याच्या साच्याचं. शिवाय भारतात बार्बी तयार व्हायला लागली ती १९६६ नंतर कितीतरी वर्षांनी. ज्याला यातलं कळतं तो तुमची जाहिरात बघून पुढे जाईल. ज्याला कळत नाही तो फसेल आणि काही महिन्यांनी त्याला कुणीतरी खरं सांगेल. भारतीय बार्बी म्हणून खरी ओळख द्या. साडी-बिंदीतल्या या बाहुल्या मुद्दाम शोधणारे संग्राहक इथेही आहेत आणि परदेशातही.

आता हिरवा डाग. कर्णफुलाच्या काडीतल्या तांब्याची व्हिनाइल, म्हणजे बाहुलीचं लवचीक प्लॅस्टिक, मऊ ठेवणाऱ्या द्रव्याशी प्रक्रिया होते आणि हिरवा रंग आत मुरतो. तो पुसून निघत नाही. कर्णफूल जागेवरच राहिलं तर डाग वाढत वाढत गालाकडे येतो. म्हणजे आज तुम्ही केसांआड लपवलेली खोट उद्या नव्या मालकाच्या कपाटात उघडी पडणार, आणि तोवर चेहरा आणखी खराब झालेला असणार. वेळेत सांगितलंत तर तो निदान कर्णफुलं काढून ठेवील. मला या लपवाछपवीचा राग येतो तो याचसाठी: पैशांच्या आधी बाहुलीचं नुकसान होतं.

मुरुमांवर लावायचं बेंझॉइल पेरॉक्साइडचं मलम लावून, वर कागद चिकटवून उन्हात ठेवायचा उपाय बरेच जण करतात. डाग फिका होतो हे खरं, पण त्या जागेचं व्हिनाइलही फिकं पडू शकतं, आणि डाग कधी कधी परत वर येतो. तुम्ही हे केलं असेल तर तेही लिहा. दुरुस्ती ही लाजेची गोष्ट नाही, पण ती झाल्याचं घेणाऱ्याला कळलं पाहिजे.

जाहिरात साधारण अशी असावी: ‘उजव्या कानाभोवती मुगाएवढा हिरवा डाग, तिसरा फोटो पाहा. कर्णफुलं काढून वेगळ्या पुडीत दिली आहेत. डागावर काही लावलेलं नाही. डावा गुडघा सैल, वाकवल्यावर खटका लागत नाही. ड्रेस मूळचा, एक बटण बदललेलं. बूट नाहीत.’ डागाचा फोटो केस मागे घेऊन, खिडकीजवळच्या उजेडात, कानाच्या अगदी जवळून काढा.

केस कापलेलीची फार काळजी करू नका. बाहुलीचे केस काढून नवे रोवणारे हौशी लोक नेमक्या अशाच बाहुल्या शोधतात. कापलेले केस लपवायला अंबाडा घालून फोटो काढलात तर मात्र हे गिऱ्हाईक तुम्हाला सापडणारच नाही.

आणखी एक. या बाहुल्या इतकी वर्षं ट्रंकेत होत्या ना? डांबराच्या गोळ्या टाकल्या होत्या का, ते आठवा. तो वास महिनोन्‌महिने जात नाही, आणि नॅप्थलीनमुळे काही प्लॅस्टिकं मऊ पडतात. आपल्याकडच्या पावसाळ्यातून गेलेल्या खोक्याला बुरशीचे ठिपके आणि कुबट वास असतोच. फोटोत वास येत नाही, म्हणून तो शब्दांत लिहावा लागतो.

प्रश्न : जुन्या बाजारात एका विक्रेत्याकडे चिनीमातीच्या डोक्याची जर्मन बाहुली पाहिली. ‘एकदम ओरिजिनल, कुठे काही नाही’ असं तो म्हणतो. मी कसं तपासू? — पुणे

त्याच्यासमोर तपासा. नाराजी दाखवली तर उत्तर तिथेच मिळालं.

या बाहुल्यांची डोकी बिस्कची, म्हणजे न चकाकणाऱ्या भाजलेल्या पोर्सिलेनची असतात. टोपाचे केस हळूच उचलले की खाली डोक्याला मोठं भोक असतं, पुठ्ठ्याच्या किंवा बुचाच्या टोपणाने झाकलेलं. टोपण सुटत असेल तर आत बारीक टॉर्च सोडा आणि अंधाऱ्या जागी चेहरा फिरवून बघा. अखंड बिस्कमधून उजेड सारखा झिरपतो. केसाएवढी चीर असली तर काळी रेघ दिसते. कपाळ, कानामागची जागा, मानेची कड आणि डोळ्यांचे कोपरे नीट बघा. मग नोटा तपासायची जांभळ्या उजेडाची टॉर्च घ्या. बुजवलेला भाग आणि वरून दिलेला नवा रंग त्या उजेडात बाकीच्या चेहऱ्यापेक्षा वेगळा दिसतो.

मानेमागचा छाप वाचा. आर्मांड मार्सेय हे जर्मन कंपनीचं नाव आणि ३९० असा साच्याचा आकडा असेल तर बाहुली बहुधा खरी जुनी आहे, पण दुर्मीळ नाही. हा साचा फार मोठ्या प्रमाणावर निघाला. छापात ‘जर्मनी’ हा शब्द असेल तर ती बहुधा १८९१ नंतरची. अमेरिकेत येणाऱ्या मालावर मूळ देशाचं नाव घालणं त्या वर्षी सक्तीचं झालं. शब्द नसेल तर मात्र ‘त्याआधीचीच’ असं कुणी म्हटलं तरी मानू नका, कारण काही वेळा नाव फक्त खोक्यावर असायचं.

डोकं एका कंपनीचं आणि धड दुसरीचं, ही नेहमी खोट असतेच असं नाही. सिमोन अँड हाल्बिग कंपनी केमर अँड राइनहार्टसाठी डोकी बनवत असे, आणि ती जोडी मूळचीच धरली जाते. पण पन्नास वर्षांनंतर कुणीतरी हाताला लागेल ते धड जोडलं असेल तर ती वेगळी गोष्ट, आणि ती विक्रेत्याने सांगायलाच हवी. डोकं धडाच्या मानाने मोठं-लहान वाटतं का, मान खाचेत नीट बसते का, हात-पाय एकाच रंगाचे आहेत का, एवढं बघितलं तरी पुष्कळ कळतं.

आता प्रश्न कसा विचारायचा ते. १८७२च्या भारतीय करार कायद्याचं कलम १७ फसवणुकीबद्दल आहे. त्यात म्हटलंय की नुसतं गप्प राहणं ही एरवी फसवणूक नाही. उदाहरण घोड्याचं आहे: लिलावात एकजण सदोष घोडा विकतो आणि काही बोलत नाही, ही फसवणूक ठरत नाही. पण घेणाऱ्याने ‘तुम्ही नाकारलं नाहीत तर घोडा धडधाकट आहे असं मी समजेन’ असं म्हटलं आणि विकणारा गप्प बसला, तर ते गप्प बसणं बोलण्याएवढंच धरलं जातं. मला वाटतं, बाहुल्या घेणाऱ्या प्रत्येकाने हे उदाहरण पाठ करावं. विक्रेत्याला व्हॉट्सॲपवर लिहा: ‘डोक्याला चीर नाही, रंग मूळचा आहे, डोळे बदललेले नाहीत असं धरून मी घेतोय. काही वेगळं असेल तर सांगा.’ पुढच्याच कलमांत असंही आहे की, साध्या काळजीने खरं कळू शकत असताना तुम्ही बघितलंच नाही, तर गप्प बसण्याबद्दलची तक्रार दुबळी पडते. म्हणून टॉर्च खिशात हवीच.

प्रश्न : ‘जशी आहे तशी, परत घेतली जाणार नाही’ एवढं लिहिलं की पुरे ना? — नाशिक

नाही. घरी नेल्यावर मन बदललं, एवढ्यासाठी परत करणाऱ्यांना ती ओळ लागू पडते. तुम्हाला माहीत असलेली चीर त्या ओळीत मावत नाही. १९३०चा मालविक्री कायदाही सांगतो की वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळला पाहिजे; मग वर्णनच नीट का करू नये?

प्रश्न : ताई, मी कॉलेजात आहे. पैसे साठवून रेझिनची बॉल-जॉइंटेड बाहुली घेतली. नंतर ग्रुपमधल्या एकीने सांगितलं की ही रिकास्ट आहे. मला विकणाऱ्याने हे सांगितलं नव्हतं. आता मी विकताना सांगितलं तर माझे पैसे बुडतील. — नागपूर

तुझे पैसे बुडाले याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण ते तू साठवलेले होते. पण हे नुकसान पुढच्या मुलीच्या गळ्यात घालायचं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जपानच्या वोक्स कंपनीने १९९९ मध्ये सुपर डॉल्फी ही रेझिनची, म्हणजे ओतीव कठीण प्लॅस्टिकची, गोल सांध्यांवर वळणारी बाहुली आणली, आणि त्यानंतर जपान, कोरिया, चीनमधल्या कारागिरांनी अशा बाहुल्या घडवायला सुरुवात केली. चेहरा घडवायला शिल्पकाराचे महिने जातात. रिकास्ट म्हणजे कुणीतरी ती एक बाहुली विकत घेऊन तिच्यावरून साचा काढतो आणि स्वस्तात ओततो. ज्याने घडवली त्याला काहीच मिळत नाही.

आधी तुला विकणाऱ्याला लिही, जाहिरातीचा स्क्रीनशॉट जोड आणि पैसे परत माग. तो दाद देत नसेल तर ज्या ग्रुपवर व्यवहार झाला तिथल्या चालकांना पुरावे दाखव. रिकास्टची विक्री बहुतेक ग्रुप चालूच देत नाहीत, त्यामुळे ती नाव लपवून खपवण्यापेक्षा तुझ्याजवळ ठेव. चेहरा रंगवायचा, डोळे बदलायचे, दोऱ्या ओवायच्या, हे सगळं तिच्यावर शिकता येईल.

पुढे अस्सल घेशील तेव्हा पिवळेपणाबद्दल नक्की विचार. रेझिन उजेडाने आणि काळाने पिवळं पडतं, आणि डोकं धडापेक्षा लवकर पडतं, कारण कपडे धडाला झाकतात. कपडे काढून, पांढऱ्या कागदाशेजारी, दिवसाउजेडी काढलेला फोटो माग. पिवळ्या बल्बखाली काढलेल्या फोटोवरून काहीच ठरवू नकोस.

प्रश्न : आजीची सावंतवाडीची लाकडी ठकी आहे. रंग उडालाय, मागे बारीक भोकं आहेत. ओळखीचे पेंटर नव्यासारखी करून देतो म्हणतात. मग जुनी म्हणून विकता येईल का? — कणकवली

रंगवू नका. जुनी ठकी घेणारा तिच्यावरचा जुना रंगच घेत असतो. कुठला रंग कसा दिला, डोळे कसे ओढले, कुठल्या हातांनी कुठे झिजली, हे सगळं त्या उडालेल्या रंगात आहे, आणि तैलरंगाचा एक हात ते कायमचं झाकून टाकील. ओल्या फडक्यानेही पुसू नका. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडा, बस. कुणी आधीच रंगवलेली असेल तर ‘लाकूड जुनं, रंग नवा’ एवढं सरळ लिहून विकता येते.

भोकांकडे मात्र आजच बघा. पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडात कीड सहज शिरते. ठकी काळ्या कागदावर आठवडाभर ठेवा. खाली ताजी पिवळसर भुकटी पडली तर कीड जिवंत आहे, आणि ही ठकी ज्या कपाटात जाईल तिथल्या बाकीच्या लाकडी वस्तूही धोक्यात येतील. कीड संपवल्याशिवाय ती विकूच नये, आणि संपवल्यावरही भोकं होती हे सांगावं.

प्रश्न : इथल्या बाजारातून १९५०च्या आसपासची कठीण प्लॅस्टिकची बाहुली घेतली. घरी आणल्यावर व्हिनेगरसारखा वास येतोय. विकणाऱ्या बाई ‘जुन्या वस्तूंना वास असतोच’ म्हणाल्या. — लंडन

हा वास जुनेपणाचा नाही. त्या काळच्या काही बाहुल्या सेल्युलोज ॲसिटेटच्या होत्या, आणि ते प्लॅस्टिक कुजायला लागलं की ॲसेटिक आम्ल सोडतं. कूज थांबवता येत नाही, फक्त मंदावते. ती वाफ शेजारच्या बाहुल्यांनाही बाधते. आजच ती वेगळी करा, बंद डब्यात ठेवू नका, हवेशीर थंड जागी ठेवा. बाईंना खरंच माहीत नसेल, म्हणून आधी सौम्यपणे कळवा आणि पैसे मागा. त्यांच्या टेबलावरच्या बाकीच्या बाहुल्यांसाठीही हे त्यांना कळणं गरजेचं आहे.

प्रश्न : शेजारच्या काकूंकडे त्यांच्या अमेरिकेतल्या भावाने पाठवलेली पोनीटेलची बार्बी आहे. तळपायाला भोकं आहेत, आत तांब्याच्या नळ्या. त्या पाचशे रुपयांत द्यायला तयार आहेत. मी किंमत सांगायलाच हवी का? विकणाऱ्याची ती जबाबदारी ना? — दादर

तुम्ही इतक्या नेमकेपणाने भोकं आणि नळ्या लिहिल्या आहेत, म्हणजे ही काय असू शकते हे तुम्हाला ठाऊक आहे. बार्बी ९ मार्च १९५९ला न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या जत्रेत आली, आणि तळपायात तांब्याच्या नळ्या फक्त तिच्या पहिल्या आवृत्तीत होत्या. काकूंना ठाऊक नाही. कायदा कदाचित तुम्हाला अडवणार नाही. पण विकणाऱ्याने डाग लपवला की आपण चिडतो, आणि घेणाऱ्याने किंमत लपवली की त्याला हुशारी म्हणतो, हे मला पटत नाही. भाव पाडायला नसलेल्या खोटी काढणंही त्यातलंच.

काकूंसोबत बसा. बुबुळं पांढरी आहेत का, भुवया टोकदार आहेत का, अंग हस्तिदंतासारखं फिकं पडलंय का, बघा. ते फिकेपण त्या पहिल्या व्हिनाइलला येतंच, तिथे ती खोट धरत नाहीत. नुसत्या भोकांवर जाऊ नका, पाय बदललेले असू शकतात. कानाला हिरवं असेल तर तेही काकूंना दाखवा. मग अशा बाहुल्या प्रत्यक्ष किती किमतीला विकल्या गेल्या ते लिलावांच्या निकालांत दोघं मिळून शोधा. मागितलेल्या किमती बघू नका, झालेल्या व्यवहारांच्या बघा. काकूंना ती तुम्हालाच द्यायची असेल तर त्या भाव कमी करतील, किंवा तुम्ही हप्त्याने पैसे द्या. दुसऱ्या कुणाला द्यायची म्हणाल्या, तर जाहिरात लिहायला त्यांना मदत करा.