सही करण्याआधी बॉक्सच्या पावतीवर काय लिहिलंय ते वाचा

कराडच्या सदस्याची पोस्ट काल रात्री वाचली. अकराशे ब्रॉडबँड ग्राहक, स्वतः ओढलेली फायबर, आता त्याच फायबरवरून टीव्ही द्यायचा आणि पुढे कराडचं स्थानिक चॅनल काढायचं. एक एमएसओ, म्हणजे चॅनलांचा सिग्नल पुरवणारी मोठी केबल कंपनी, 900 सेट-टॉप बॉक्स द्यायला तयार आहे, करारावर सही याच आठवड्यात व्हायची आहे. "मी घाई तर करत नाही ना?" एवढाच तुमचा प्रश्न. भाऊ, ते वाचून मला रात्री झोप लागली नाही. 2015 च्या नोव्हेंबरात असाच एक करार माझ्या टेबलावर होता आणि मी तो न वाचता सही करून दिला होता.

एमएसओ आपल्या हेडएंडवर, म्हणजे मुख्य केंद्रावर, चॅनलं एकत्र करून सिग्नल पाठवतो आणि एलसीओ, म्हणजे तुमच्या-माझ्यासारखा स्थानिक केबलवाला, तो घराघरांत पोचवतो; तुम्ही धंद्यातले असल्यामुळे जास्त सांगत बसत नाही. केबलवाल्याच्या नोंदणीचंही एका ओळीत: पूर्वी दरवर्षी हेड पोस्टात 500 रुपये भरून नूतनीकरण करावं लागायचं, जानेवारी 2025 पासून ते केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या पोर्टलवर ऑनलाइन झालं आहे, पाच वर्षांसाठी, 5000 रुपयांत. ते करून घ्या. खरं दुखणं तिथे नाही.

मी कुठून बोलतोय ते थोडक्यात. 1991 ला सांगलीत एसटी स्टँडजवळ पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ टाकला. रात्री उशिरा पाव दर लागायचा, त्या वेळेला बाहेर रांग असायची. 1993 ला गच्चीवर डिश बसवून गल्लीत केबल सुरू केली. आदल्या वर्षी झी टीव्ही आलं होतं, लोक स्वतः येऊन कनेक्शन मागत होते. 2003 ला मोबाईलवर इनकमिंग फुकट झालं आणि बूथ बसला. घर केबलवर चाललं. म्हणजे तुमच्यासारखाच मीही फोनच्या धंद्यातून टीव्हीत आलेला माणूस.

तुम्ही पोस्टमध्ये राजीव चंद्रशेखर यांचं उदाहरण दिलंय: बीपीएल मोबाईल उभी केली आणि मग टीव्हीत उतरले. उदाहरण चांगलं आहे, पण त्यातला क्रम बघा. 1994 ला कंपनी काढली, मुंबईचा परवाना मिळवला, महाराष्ट्र, केरळ, तमिळनाडूतही फोन चालवले. 2005 ला आपला हिस्सा एस्सारला एक अब्ज डॉलरच्या वर किमतीला विकला. त्याच वर्षी ज्युपिटर कॅपिटल काढली आणि टीव्हीत गेले ते त्यानंतर, मल्याळममधल्या एशियानेटमध्ये पैसे घालून आणि मग कन्नडमधलं सुवर्ण न्यूज काढून. आधी नेटवर्कचे पैसे हातात आले, मग चॅनल. चालू नेटवर्कच्या महिन्याच्या वसुलीतून त्यांनी चॅनल पोसलं नाही. आपल्यासारखी माणसं उलटं करतात. वसुली आली की कॅमेरा घेतात आणि ओएलटीचा, म्हणजे फायबर इंटरनेटच्या मुख्य यंत्राचा, हप्ता थकवतात. मीही केलं.

दुसरी गोष्ट यावरून लक्षात घ्या. जिओवाल्या रिलायन्सने 2018 ला केबलच्या घरांत शिरायचं ठरवलं तेव्हा हॅथवे आणि डेन या केबल कंपन्यांमधला मोठा हिस्साच विकत घेतला. एवढ्या मोठ्या कंपनीलाही घरात आधीपासून गेलेली तार आणि त्या घराची नोंद पैसे देऊन घ्यावी लागली. तुमच्या अकराशे घरांची नोंद हीच तुमची इस्टेट आहे. आणि या करारात तीच जाते.

आता माझी चूक. सविस्तर लिहितो, कारण तिच्यापायी माझी दहा वर्षं गेली.

सरकारने केबल डिजिटल करायचं ठरवलं, त्याचा तिसरा टप्पा आपल्या शहरांसाठी होता. 31 डिसेंबर 2015 ही तारीख होती, त्यानंतर ॲनालॉग बंद. माझी 2100 कनेक्शनं. ज्या एमएसओशी बोलणं चाललं होतं त्याचा माणूस रोज दुकानात यायचा, "तारीख गेली तर ग्राहक डीटीएचला जातील" म्हणायचा. त्यात खोटं काही नव्हतं, म्हणूनच मी घाबरलो. बॉक्सला 1200 रुपये, म्हणजे एकूण 25 लाखांच्या वर. पतसंस्थेचं कर्ज काढलं, कमी पडले म्हणून बायकोच्या पाटल्या गहाण टाकल्या. पैसे दिले, बॉक्स टेम्पोतून आले, पावत्या आल्या. पावत्या मी फाइलला लावल्या.

त्या पावत्यांवर "सेट-टॉप बॉक्सची विक्री" असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. "ॲक्टिव्हेशन शुल्क" लिहिलेलं होतं. करारात बाराव्या की तेराव्या पानावर एक कलम होतं की बॉक्स आणि व्ह्यूइंग कार्ड ही कंपनीची मालमत्ता राहील. म्हणजे 25 लाख रुपये देऊन मी दुसऱ्याचं सामान ग्राहकांच्या घरी बसवून आलो होतो. आणि प्रत्येक ग्राहकाचा फॉर्म, नाव, पत्ता, मोबाईल नंबर, सगळं माझ्याच मुलांनी रात्री जागून त्यांच्या एसएमएसमध्ये भरलं. (एसएमएस म्हणजे ग्राहकांची नोंद ठेवणारी प्रणाली, मोबाईलवरचा मेसेज नव्हे. नवीन वाचणाऱ्यांसाठी सांगतो.) त्या प्रणालीचा पासवर्ड आम्हाला मिळाला तो फक्त रिचार्ज करण्यापुरता. यादी काढून घ्यायची सोय त्यात नव्हती.

तीन वर्षं काही कळलं नाही. फेब्रुवारी 2019 ला दूरसंचार नियामक ट्रायची नवी दरपद्धत आली, शंभर चॅनलांसाठी 130 रुपये आणि वर प्रत्येक पे चॅनलची किंमत वेगळी. एमएसओ आणि एलसीओचं आपसात जमलं नाही तर त्या 130 मधले एमएसओला 55 टक्के, एलसीओला 45 टक्के अशी वाटणी ट्रायने ठरवून दिलेली होती. माझ्या हातात त्याच्या निम्मंही पडेना. मी दुसऱ्या एमएसओकडे जायचं ठरवलं. नियमाप्रमाणे तीन आठवड्यांची नोटीस दिली. उत्तर आलं: जरूर जा, बॉक्स जमा करा. बॉक्स दुसऱ्याकडे चालत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहेच. एकाच्या कॅसचा, म्हणजे सिग्नलच्या कुलपाचा, बॉक्स दुसऱ्याच्या सिग्नलवर मुका. म्हणजे 2100 घरांत पुन्हा नवे बॉक्स. आणि नोटीस दिल्याच्या चौथ्या दिवसापासून माझ्याच ग्राहकांना त्यांच्या कॉल सेंटरवरून फोन जायला लागले की तुमचा ऑपरेटर बंद होतोय, आमचा दुसरा माणूस येईल. नंबर त्यांना मीच भरून दिले होते.

मग मी तक्रार घेऊन एका सरकारी कार्यालयात गेलो. कुठल्या, ते लिहीत नाही. सात खेपा घातल्या. पहिल्या खेपेला साहेब नव्हते. दुसऱ्या खेपेला हा विषय आमचा नाही म्हणाले आणि दुसऱ्या मजल्यावर पाठवलं. दुसऱ्या मजल्याने पुन्हा खाली पाठवलं. माझ्याकडे पंचवीस वर्षांच्या पोस्टातल्या नोंदणीच्या पावत्या होत्या आणि करमणूक शुल्काची चलनं होती, ज्यांवर दर महिन्याचा कनेक्शनचा आकडा आहे. 2017 ला जीएसटी आला तोवर मी ते शुल्क भरत होतो. ही माणसं माझे ग्राहक आहेत असं सांगणारा सरकारी शिक्क्याचा कागद यापेक्षा कुठला असतो? टेबलापलीकडच्या बाईंनी फाइल उघडलीच नाही. "कंपनीच्या यादीत ग्राहक कंपनीचे दिसतात" एवढं सांगितलं. पाच वाजता टेबल बंद झालं. वाद टीडीसॅटमध्ये, म्हणजे दूरसंचाराच्या लवादात, चालतात, ते दिल्लीत. सांगलीचा केबलवाला वकील लावून दिल्लीला किती वेळा जाणार? तिथे दाद मिळते असं जाणकार सांगतात, मी गेलो नाही म्हणून ठामपणे सांगणार नाही.

यात पैसे गेले ते गेले. मला लागलं ते वेगळंच.

आमचं एक स्थानिक चॅनल होतं. ॲनालॉगच्या काळात कंट्रोल रूममध्ये एक मॉड्युलेटर लावला की चॅनल सुरू. भावे नाट्यमंदिरातले कार्यक्रम, तासगावचा रथोत्सव, मिरजेची विसर्जन मिरवणूक, हळदीचे भाव. 2005 च्या महापुरात आम्ही चार दिवस एकच काम केलं: कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी दर तासाला पडद्यावर पट्टीने दाखवली. 40 फूट इशारा, 45 फूट धोका, हे इथल्या लहान पोरालाही पाठ असतं. जिथे वीज होती तिथली माणसं त्या पट्टीकडे बघून गावभागातल्या, हरभट रोडवरच्या नातेवाइकांना निरोप पाठवत होती की आता निघा.

डिजिटल झाल्यावर सिग्नल एमएसओच्या हेडएंडवरून बंदिस्त येतो, मध्येच कुणालाही स्वतःचं चॅनल घुसवता येत नाही. माझं चॅनल त्यांच्या हेडएंडला पाठवायचं आणि त्याचं भाडं भरायचं. नोटीस दिल्यावर त्यांनी ते काढून टाकलं. आणि ऑगस्ट 2019 ला पाणी आलं, आयर्विनला 57 फुटांच्या वर गेलं. माझा मुलगा पुलाच्या अलीकडे मोबाईल घेऊन उभा होता, आकडा मला सांगत होता आणि मी तो कुठेच दाखवू शकत नव्हतो. विश्रामबागेतून, मिरजेतून जुने ग्राहक फोन करायचे, "काका, आपलं चॅनल का दिसत नाही? पाणी कुठवर आलंय?" मी एकेकाला फोनवर आकडा सांगत बसलो. 25 लाख त्या बॉक्सांत अडकले नसते आणि ग्राहकांची यादी माझ्या हातात असती तर त्या आधीच दुसऱ्या एमएसओकडे गेलो असतो आणि पट्टी चालू राहिली असती. हे माझ्या डोक्यातून जात नाही.

म्हणून माझं ठाम मत: पावतीवर "विक्री" हा शब्द, बॉक्सचे अनुक्रमांक आणि जीएसटीसह किंमत असल्याशिवाय एक रुपया देऊ नका. ते विकायला तयार नसतील तर बॉक्स भाड्याने घ्या, स्वस्तात, आणि भाड्याचेच आहेत असं लिहून घ्या. मधलं काही घेऊ नका. करारात आणखी एक ओळ घालून घ्या की ग्राहकांची पूर्ण यादी दर महिन्याला तुम्हाला मिळेल आणि करार संपल्यावर त्यांचं कॉल सेंटर तुमच्या ग्राहकांना फोन करणार नाही. "आमचा करार छापील आहे, बदलत नाही" असं सांगतील. मला सांगितलं होतं. नंतर कळलं की इस्लामपूरच्या एकाने तीन कलमं बदलून घेतली होती, फक्त अडून बसला म्हणून. आणि तुम्ही माझ्यापेक्षा बऱ्या स्थितीत आहात. तुमच्यावर कुठल्या तारखेची टांगती तलवार नाही. तुमचं इंटरनेट चालू आहे, टीव्ही दोन महिन्यांनी आला तरी ग्राहक जाणार नाही.

चॅनलबद्दल. मंत्रालयाच्या नोव्हेंबर 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनंतर स्थानिक चॅनलची नोंद प्लॅटफॉर्म सर्व्हिस म्हणून एमएसओच्या नावावर होते, चॅनलमागे 1000 रुपयांत. एलसीओच्या नावावर होत नाही. स्थानिक बातम्या द्यायच्या असतील तर तो एमएसओ कंपनी म्हणून नोंदलेला हवा, आणि कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग 90 दिवस ठेवावं लागतं. म्हणून माझ्या मते चॅनल आधी यूट्यूबवर सुरू करा. तिथले प्रेक्षक तुमचे राहतात. केबलवरची जागा नंतर घ्या, आणि ती गेली तरी बंद पडणार नाही असं बघा. कोयनेतून विसर्ग वाढला की कराडच्या संगमावर माणसं पाणी बघायला जातात, त्यांना घरबसल्या आकडा दाखवा. बाकी काही नाही केलंत तरी चालेल.

तांत्रिक एकच, कारण इंटरनेटवाले इथे हमखास फसतात. एकाच फायबरवर 1550 नॅनोमीटरला टीव्ही सोडणार असाल तर तुमचे आत्ताचे स्प्लिटर, म्हणजे एका फायबरचा प्रकाश अनेक घरांत वाटणारे तुकडे, तपासा. डेटा उणे 25 डीबीएमलाही (डीबीएम हे प्रकाशाच्या पॉवरचं माप) चालतो, म्हणून तुम्ही 1:64 पर्यंत फोडलं असेल आणि तक्रार आली नसेल. टीव्हीच्या चित्राला उणे आठ-दहाच्या आसपास तरी पॉवर लागते, त्याखाली चित्र फुटतं. 1:64 स्प्लिटर एकटाच वीसेक डीबी खातो. मोठा ईडीएफए (प्रकाश वाढवणारा ॲम्प्लिफायर) घ्यावा लागेल किंवा नेटवर्क पुन्हा बांधावं लागेल, तो खर्च आधी धरा. आणि वळवाच्या आधी ओएनयूचे (ग्राहकाच्या घरातल्या फायबरच्या डबीचे) ॲडॉप्टर जादा आणून ठेवा. विजा झाल्या की एका संध्याकाळी तीस-चाळीस जातात.

मी वकील नाही, सीए नाही. नियमांचे आकडे आणि फी, तुम्ही भरेपर्यंत बदललेली असू शकतात, पोर्टलवर तपासून घ्या. सगळेच एमएसओ असे असतात असंही माझं म्हणणं नाही. आत्ता ज्यांच्याबरोबर आहे त्यांच्याशी पाच वर्षांत एकदाही वाद झाला नाही, पण त्यांचा करार मी तीन वेळा वाचला, मुलीला वाचायला लावला, मग सही केली.

तुमच्या करारात "मालकी" आणि "ॲक्टिव्हेशन" हे शब्द ज्या पानांवर आलेत ती पानं, नावं-आकडे झाकून, इथे टाका. आज रात्री दहानंतर मी मोकळा आहे. तोवर त्यांचा माणूस आला तर त्याला चहा द्या आणि पेन खिशातच ठेवा.