बॅक्टेरिया अमिनो ॲसिडमधून नायट्रोजन नेमका कसा काढतात?

मुख्य काम म्हणजे अमिनो ॲसिडवरचा अमिनो गट (नायट्रोजन असलेला भाग) तोडायचा, तो थेट अमोनिया म्हणून सुटतो किंवा दुसऱ्या रेणूवर चढवला जातो, बहुतेकदा अल्फा-कीटोग्लुटारेट या पेशीतल्याच छोट्या आम्लावर, आणि त्याचं ग्लुटामेट (हेही एक अमिनो ॲसिडच) बनतं. सेरीन या अमिनो ॲसिडचं उदाहरण सोपंय, एकच एन्झाइम त्याचं पायरुवेट (नायट्रोजन नसलेला उरलेला सांगाडा) आणि अमोनिया करून टाकतं. हिस्टिडीनला मात्र चार-पाच पायऱ्या लागतात आणि शेवटी ग्लुटामेट मिळतं. सुटलेला अमोनिया ग्लुटामिन सिंथेटेज हे एन्झाइम पकडतं, मग पेशी तोच नायट्रोजन प्रोटीन, डीएनए वगैरेसाठी वापरते. लॅबमध्ये हे डोळ्यांनी दिसतं, फिनॉल रेड (पीएचनुसार रंग बदलणारा रंग) टाकलेल्या पेप्टोन ब्रॉथमध्ये (प्रोटीनचे तुकडे असलेलं पातळ खाद्य) साखर नसली की अमोनियामुळे पीएच चढतो आणि लाल रंग गडद गुलाबी होतो (साखर पचवणारा बॅक्टेरिया असेल आणि साखर टाकली तर आम्ल बनून उलट पिवळा, म्हणून नवखे गोंधळतात). फक्त एक लक्षात ठेवा, सगळ्यांना सगळी अमिनो ॲसिडं जमत नाहीत, क्लेबसिएला नावाचा बॅक्टेरिया हिस्टिडीनवर नायट्रोजन भागवतो पण ई. कोलायकडे त्याचे जीन्सच नाहीत, आणि आयता अमोनिया भरपूर असेल तर ई. कोलायसारखे बॅक्टेरिया नायट्रोजनसाठी एवढी खटपट सहसा करतच नाहीत.